मंचावर एकच खुर्ची

कार्यक्रम चालतो तीन तास आणि बातमीला जागा मिळते दोन कॉलम. उरलेलं कुठं जातं? माझ्याकडं येऊन साठतं! लग्नाच्या पंगतीत बसलो, कुणाला भेटायला दवाखान्यात गेलो, की कोणीतरी सरकून जवळ येतं. "साहेब, व्याख्यानमालेचं सांगा ना काहीतरी." गेलं वर्षभर मी तोंड दाबून होतो. व्याख्यानमाला वाचते की जाते याचा भरवसा नव्हता, आणि माझ्या एका शब्दानं ती गेली असती तर मी स्वतःला माफ केलं नसतं. आता छातीवरचा दगड उतरलाय. बसा, सांगतो.

आमचं कॉलेज कळमनुरीचं. मी तिथलाच विद्यार्थी, पुढं जिल्ह्याच्या दैनिकात बातमीदार झालो आणि केस पांढरे होईपर्यंत तेच केलं. कॉलेजचा सगळ्यात नावाजलेला विद्यार्थी मात्र आत्माराम गडदे. सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडं एक वाडी आहे, तिथल्या मेंढपाळाचा मुलगा. शिकत शिकत सरकारी अधिकारी झाला, मंत्रालयात सचिवपदापर्यंत गेला. त्याची ख्याती एकाच गोष्टीसाठी. बैठक कुठलीही असो, सगळ्यात लहान कर्मचाऱ्याला आधी बोलायला लावायचं आणि स्वतः सगळ्यात शेवटी, थोडंसंच बोलायचं. वर साहेब म्हणायचे, "सचिवाला काय वाटतं ते मला माहीतच आहे. शिपायाला काय वाटतं ते सांगा!"

त्यांच्या नावानं कॉलेजात दर हिवाळ्यात नेतृत्व व्याख्यानमाला होते. ती चालवतात आमचे शेख सर. राज्यशास्त्राचे प्राध्यापक, वडिलांचं कळमनुरीच्या बाजारात बांगड्यांचं दुकान होतं. व्याख्यानमाला त्यांनीच सुरू केली, त्यांनीच वाढवली. ते यंदा निवृत्त होणार आणि त्यांना एकच घोर लागलेला. "मी गेल्यावर हे टिकेल का हो?"

ते ठरवणार संस्थेचे अध्यक्ष नाना. आमदारकीला दोनदा पडलेले, पण कॉलेजात त्यांच्याशिवाय पान हलत नाही. आणि तिसरा मी, बिनपगारी प्रसिद्धीप्रमुख. नाना मला 'संपादक' म्हणतात. मी कधीच संपादक नव्हतो, हे त्यांना पक्कं माहीत आहे!

* * *

व्याख्यानमालेला गडदे साहेबांचं नाव द्यायचं ठरलं तेव्हा ते हयात होते. सुट्टीत वाडीवर आलेत असं कळलं, म्हणून आम्ही तिघं परवानगी मागायला गेलो. नानांनी सोबत शाल घेतली, नारळ घेतला, फोटोग्राफर घेतला.

साहेब अंगणात बाजेवर बसले होते. बनियन आणि पायजमा. समोर मेंढ्यांचा वाडा, तिथं त्यांचा भाऊ नुकत्याच जन्मलेल्या कोकराला पुसत होता.

नानांनी शाल उलगडली आणि साहेबांच्या खांद्यावर टाकली. फोटोग्राफर म्हणाला, "सर, जरा इकडं." साहेबांनी फोटो काढू दिला. मग शाल उतरवली, हातानं चाचपून पाहिली आणि भावाला हाक मारली. "दाजिबा, चांगली ऊबदार हाय रे. घे, गुंडाळ लेकराला."

कोकरू शालीत! फोटोग्राफरनं त्याचाही फोटो काढला.

मग साहेब म्हणाले, "नाव द्या. पण तीन अटी. कोणालाच शाल, नारळ, हार न्हाई. मंचावर खुर्ची एकच, बोलणाऱ्याची. आन् भाषण झाल्यावर पयला प्रश्न विद्यार्थ्याचा. त्येच्या आधी कोणी तोंड उघडायचं न्हाई."

नाना परतीच्या वाटेवर गाडीत बोटांवर अटी मोजत होते. शेवटी म्हणाले, "सर, मंचावर खुर्ची एकच, तर मग मी बसू कुठं?"

शेख सर म्हणाले, "नाना, माणसांत!"

नानांचा चेहरा असा झाला, की जणू त्यांना वनवासाला धाडलं.

* * *

पहिल्याच वर्षी संस्थेच्या लोकांनी पळवाट काढली. अट मंचाची होती ना? मग त्यांनी सभागृहात बाजूला दुसरा मंच बांधला! त्यावर गालिचा, त्यावर सोफे, मधोमध नानांची उंच पाठीची खुर्ची. खऱ्या मंचावर बिचारी एक प्लास्टिकची खुर्ची आणि एक माईक.

मी शेख सरांवर भडकलो. "हे तुम्ही चालवून घेता?"

"थांबा जरा," सर म्हणाले. त्यांचं सगळं आयुष्य या दोन शब्दांवर चाललेलं आहे.

वक्ते आले. औरंगाबादचे एक वयस्क प्राध्यापक, नजर अधू. सभागृहात शिरले, इकडं तिकडं पाहिलं. एकीकडं गालिचा आणि सोफे, दुसरीकडं प्लास्टिकची खुर्ची. ते सरळ गालिच्याकडं गेले आणि नानांच्या खुर्चीत बसले! पदाधिकारी उठून त्यांच्या पाया पडायला लागले. कुणी माईक आणून दिला. त्यांनी सुरुवातच केली. "मित्रहो..."

नाना उशिरा येण्याचा त्यांचा मान राखून उशिरा आले. बघतात तर त्यांच्या खुर्चीतून भाषण चालू! सोफे भरलेले. सभागृह भरलेलं. रिकामी जागा एकच.

नाना खऱ्या मंचावर गेले आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. एकटेच. समोर आख्खं कॉलेज. तासभर त्यांना ना जांभई देता आली, ना मोबाइल काढता आला. माझ्या बघण्यात नानांनी पूर्ण ऐकलेलं ते पहिलं भाषण.

संपल्यावर मागून उशिरा आलेला एक पोरगा उठला आणि मंचाकडं बघून म्हणाला, "सर, तुमी एवढं सुंदर बोलले असं म्हणून राहिले सगळे. माझं हुकलं. मुद्दे परत सांगता का?"

दुसऱ्या वर्षी दुसरा मंच नव्हता.

* * *

हार बंद, शाल बंद. मग प्राचार्यांना झाडांची आठवण झाली. रोप काही हार नाही! पाहुण्यांना रोप द्यायचं, मग संचालकांना, मग संचालकांच्या पाहुण्यांना, मग तालुक्यातल्या समस्त मान्यवरांना. यादी ऐकूनच माझं डोकं तापलं. मी भर बैठकीत म्हणालो, "प्राचार्य, ही व्याख्यानमाला आहे का नर्सरी?"

"तुम्ही पत्रकार लोक पर्यावरणाच्या विरोधात असता," प्राचार्य म्हणाले.

कार्यक्रमाच्या दिवशी रोपं कॉलेजच्या व्हरांड्यात ओळीनं मांडून ठेवली. प्रत्येकाला रंगीत फीत बांधलेली. आणि तो दिवस नेमका आठवडी बाजाराचा! आमच्या फाटकासमोरूनच बाजाराला जनावरं जातात, ही गोष्ट कळमनुरीतल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. प्राचार्य नांदेडहून जाऊन येऊन करतात.

आत सूत्रसंचालिका म्हणाली, "यानंतर मान्यवरांचं रोप देऊन स्वागत." शिपाई बाहेर गेला आणि हातात एक पिशवी घेऊन आला. पिशवीत माती होती, मातीत एक काडी होती, काडीला फीत होती.

मी धावत व्हरांड्यात गेलो. एक म्हातारा त्याच्या शेळ्या काठीनं हाकलून फाटकाबाहेर काढत होता. मी म्हणालो, "बाबा, काय केलं हे? ही रोपं मान्यवरांच्या सत्कारासाठी होती!"

म्हातारा थांबला. तोंडात फीत असलेल्या शेळीकडं त्यानं कौतुकानं पाहिलं. "मग झाला की सत्कार! बाजारात चार लोकायला सांगतो, कॉलेजातून आलेला माल हाय म्हून."

* * *

एका वर्षी पुण्याहून मोठे व्यवस्थापन तज्ज्ञ बोलावले. विषय त्यांनीच कळवला, 'नेतृत्व म्हणजे दिशा'. गाडी स्वतः चालवत येतो म्हणाले, कुणी आणायला यायची गरज नाही, फोनवर मॅप आहे.

कार्यक्रमाची वेळ झाली तरी पत्ता नाही. फोन लागला तेव्हा म्हणाले, "मी एका चौकात उभा आहे. सगळे रस्ते सारखेच दिसतात. मॅप फिरून राहिलाय." पुण्याच्या माणसाच्या तोंडून 'फिरून राहिलाय' ऐकलं आणि मी ओळखलं. हा माणूस बराच वेळ आमच्या लोकांत आहे. आणि असा चौक आमच्याकडं एकच, वारंगा फाटा!

मी मोटारसायकल काढली. फाट्यावर रस्त्याकडेच्या हॉटेलात गृहस्थ खिचडी खात बसलेले. हॉटेलवाले सलीमचाचा माझे जुने ओळखीचे. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "साहब, ये आपके मेहमान हैं क्या? एक बार इधर गये, फिर उधर गये। हर बार लौट के यहीं आये, और हर बार खिचड़ी खायी। पेट खराब होगा इनका। ले जाओ।"

त्यांना घेऊन आलो. भाषण ठरल्याप्रमाणे झालं. पडद्यावर बाण, गोल, शिडी. ध्येय, दृष्टी, दिशा. पोरं शांत होती. ऐकत होती असा माझा दावा नाही.

मग पहिला प्रश्न. कॉमर्सचा एक पोरगा उठला. "सर, आपली दिशा चुकली हे माणसाला केव्हा कळतं?"

गृहस्थ पडद्याकडं वळले. बाण पाहिला, गोल पाहिला. मग पोराकडं वळून म्हणाले, "तीच खिचडी परत समोर आली की."

एवढ्या टाळ्या त्या सभागृहानं आजवर ऐकल्या नव्हत्या. पुढं तो माणूस पडदा बंद करून मनापासून बोलला, आणि काय बोलला! आमच्या व्याख्यानमालेतलं ते सगळ्यात चांगलं भाषण. मी बातमीत खिचडीचं लिहिलं होतं. डेस्कवर बसलेल्या शहाण्यानं ते कापलं आणि बाण ठेवले!

* * *

पहिला प्रश्न विद्यार्थ्याचा, ही अट प्राचार्यांना सगळ्यात जास्त बोचायची. पोरगं काय विचारेल याचा नेम काय? म्हणून त्यांनी एकदा परस्पर बंदोबस्त केला. एका गुणी पोराला प्रश्न पाठ करून दिला. शेख सरांना पत्ता नाही, मलाही नाही.

त्या वर्षी पोलीस खात्यातल्या एक महिला अधिकारी येणार होत्या. आदल्या दिवशी त्यांना बंदोबस्त लागला, येणं रद्द. ऐनवेळी शेख सरांनी हिंगोलीच्या एका निवृत्त जनावरांच्या डॉक्टरांना गळ घातली. आडदांड माणूस, मिशा अशा की दोन्ही बाजूंना लिंबू ठेवावं. साथीच्या काळात गावोगाव लोकांना एकत्र आणून जनावरं कशी वाचवली, ते सांगितलं. सभागृह रंगलं.

प्राचार्यांनी पोराला खूण केली. खूण कशाची, तर आता थांब, प्रश्न विचारू नको! पोरगं गुणी. त्याला वाटलं, उठ म्हणतात. ते उठलं आणि एका दमात म्हणालं, "मॅडम, सकाळी वर्दी अंगावर चढवताना एक स्त्री म्हणून तुमच्या मनात काय भावना येतात?"

प्राचार्यांनी डोळे मिटले. शेख सरांनी माझ्याकडं पाहिलं. डॉक्टरांनी मिशीवरून हात फिरवला.

"बाळा, वर्दी तर नसते मला. पण म्हैस अडली की खांद्यापर्यंत रबरी मोजा चढवतो. त्या वेळी ज्या भावना येतात ना, त्या इथं बायामाणसांसमोर सांगण्यासारख्या न्हाईत!"

* * *

आता माझ्या धंद्याचं सांगतो. आपल्या धंद्याची अब्रू राखायची म्हणून मी गप्प बसणार नाही.

एक बडे नेते वक्ते म्हणून ठरले. त्यांच्या माणसानं दुपारीच सगळ्या पत्रकारांना मोबाइलवर बातमी पाठवली. तयार! भाषणाचे मुद्दे, 'सभागृह मंत्रमुग्ध झाले', 'टाळ्यांच्या कडकडाटात'. इतकंच काय, 'विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना त्यांनी मनमोकळी उत्तरे दिली', हेसुद्धा!

नेते आले नाहीत. वाटेत गाडी बंद पडली आणि तिथूनच मागं फिरले. पोरं वाट बघून घरी गेली. शेख सर रिकाम्या सभागृहात पंखे बंद करत होते.

सकाळी सगळ्या पेपरांत सभागृह मंत्रमुग्ध! फक्त आमच्या पेपरात एक ओळ होती, 'वक्ते न आल्याने व्याख्यान झाले नाही'.

नानांचा फोन आला. "संपादक, सगळ्यायनं चांगलं छापलं. तुमालाच काय तकलीफ झाली?"

"नाना, भाषण झालंच नाही!"

"ते मला ठाऊक हाय. मी तिथंच होतो. पण त्या नेते साहेबाचा आत्ताच फोन आला. त्यायनं पेपरात वाचलं. भाषण चांगलं झालं म्हून लई खूश हायेत!"

* * *

इथवर हसण्यासारखं. गेल्या वर्षी मात्र आमचं हसू मावळलं.

एक उद्योजक बोलायला आले होते. मुलींच्या वसतिगृहाला मदत करतील अशी नानांना आशा. ते बोलता बोलता म्हणाले, "माझ्या कंपनीत साधा कामगारसुद्धा थेट माझ्या केबिनमध्ये येऊ शकतो."

पहिला प्रश्न विचारायला वैष्णवी उठली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, वसतिगृहात राहायची. सिद्धेश्वरच्या पाण्यावर मासेमारी करणाऱ्या घरातली पोरगी, बोलायला खणखणीत. "सर, कोणीही येऊ शकतो, तर मग केबिन काहून लागते?"

पोरं हसली. उद्योजक हसले नाहीत. चहासुद्धा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी नानांनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. पंख्याखाली बसले होते, तरी घामेजलेले. "बस झालं, सर. पुढल्या साली व्याख्यानमाला न्हाई. नेतृत्व महोत्सव करायचा. हार होतील, मंचावर सगळे बसतील, प्रश्न आधी लिहून घ्यायचे. आन् भाषण माझा विक्रांत करल."

विक्रांत म्हणजे नानांचा मुलगा. पुण्याला शिकून आलेला, पांढरे कपडे, गळ्यात रुमाल. नानांना जे दोनदा जमलं नाही, ते आता त्याच्याकडून करून घ्यायचं होतं. जिल्हाभर बॅनर लागायचे होते आणि सुरुवात आमच्या सभागृहातून!

मी उसळलो. म्हणालो, "नाना, हे कॉलेज आहे, तुमचं प्रचार कार्यालय नाही! मी छापीन."

"छापा. बॅनरवर तुमचं बी नाव टाकतो."

शेख सरांनी माझ्या हातावर हात ठेवला. "नाना, मी वर्षभरात जाणार. मला भांडायचं नाही. भाषण विक्रांतचं ठेवा. नाव काय द्यायचं ते पुढच्या वर्षीचं झाल्यावर ठरवा. पण तोवर तिन्ही अटी राहू द्या. तुम्ही गडदे साहेबांना शब्द दिला होता."

नाना विचारात पडले. मग त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. "म्हंजे मंचावर खुर्ची एकच?"

"एकच."

"पोरगा एकटाच दिसल?"

"एकटाच."

"बराबर. राहू द्या अटी!"

बाहेर आल्यावर मी सरांना नाही नाही ते बोललो. तुम्ही व्याख्यानमाला त्यांच्या हातात दिली, म्हणालो. सर चालत राहिले. फाटकापाशी आल्यावर म्हणाले, "व्याख्यानमाला त्यांच्याच हातात होती हो. आपल्या हातात फक्त अटी आहेत."

* * *

यंदाचा कार्यक्रम. सभागृह खच्चून भरलेलं, नानांनी गावागावांतून माणसं आणलेली. पुढं सतरंज्या अंथरून पोरं-पोरी बसलेली. पहिल्या रांगेत नाना, त्यांच्या बाजूला शेख सर, मागं मी. सर हसत नव्हते. आज जे होईल त्यावर त्यांची सगळी वर्षं तोलली जाणार होती.

विक्रांत चांगला बोलला. खोटं का सांगू? आवाज चांगला, पाठांतर चांगलं. मराठी अशी शुद्ध, की नानासुद्धा मधून मधून बाजूच्याला अर्थ विचारत होते. शेवटी तो म्हणाला, "गडदे साहेब प्रत्येक बैठकीत सर्वांत शेवटी बोलत. कारण खरा नेता प्रथम ऐकतो. हाच वारसा घेऊन मी तुमच्यासमोर उभा आहे."

माणसं आणलेली होती. टाळ्या जोरात झाल्या.

मग सूत्रसंचालिका म्हणाली, "पहिला प्रश्न, विद्यार्थ्यांमधून."

सतरंजीवरून वैष्णवीच उठली. प्राचार्य तिला हातानं खाली बस, खाली बस करत होते.

"दादा, खरा नेता आधी ऐकतो म्हणले तुमी. मग आमचं कवा ऐकलं?"

ना टाळ्या, ना हसू. विक्रांतनं जे केलं ते त्याचा बाप पहिल्या रांगेत नसता तर केलं नसतं. त्यानं नानांकडं पाहिलं.

आख्खं सभागृह नानांकडं पाहायला लागलं. शेख सरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मला वाटलं संपलं सगळं. आता नाना उठणार, पोरीवर ओरडणार, आणि आजपासून महोत्सव.

नाना जागचे हलले नाहीत. म्हणाले, "माझ्याकडं काहून पाहून राहिला? प्रश्न तुला हाय."

विक्रांतनं गळ्यातला रुमाल सैल केला. पुण्याची मराठी कुठल्या कुठं गेली. "न्हाई ऐकलं," तो म्हणाला. "खरं सांगतो, एकदा बी न्हाई ऐकलं."

"मग ऐका," वैष्णवी म्हणाली. "गावाकडच्या पोरीयची बस कॉलेजच्या फाटकावर थांबत न्हाई. ड्रायव्हर हात दाखवून निघून जातो. पोरी स्टँडपर्यंत पळतात. कोणाची बस हुकली, की दुसऱ्या दिवशी घरचे म्हणतात, बस झालं शिक्षण."

ती बसली. दुसरी पोरगी उठली, मग तिसरी. मग एक पोरगा वाचनालयाबद्दल बोलला. विक्रांत मंचावर उभा होता, एकटाच. दोनदा त्यानं मध्ये बोलायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा कोणीतरी म्हणालं, "दादा, अजून झालं न्हाई आमचं." शेवटी तो खाली उतरला आणि पोरांच्या मध्ये सतरंजीवर जागा करून बसला. नानांनी आणलेली माणसं काय करावं ते न कळून टाळ्या वाजवायला लागली. पोरांनीच त्यांना गप्प केलं.

मी नोंदी घेत होतो.

कार्यक्रम आटोपल्यावर नानांनी ऑफिसात चहा मागवला. आम्ही तिघंच. नाना बशीत चहा ओतून फुंकत होते. सर समोर बसून निकालाची वाट बघत होते, नापास होण्याची भीती असलेल्या पोरासारखे.

"सर," नाना म्हणाले, "ते महोत्सवाचं राहू द्या. हेच चालू ठेवा, हे असंच. तिन्ही अटी धरून."

सरांनी कप खाली ठेवला. मी विचारलं, "नाना, नक्की?"

"नक्की म्हंजे नक्की. संपादक, छापा बिनधास्त." मग सरांकडं वळून म्हणाले, "पर तुमी निघाले. तुमच्या जागी हे काम पाहायला माणूस?"

सर म्हणाले, "अजून कोणाला विचारलं नाही."

"आमच्या विक्रांतला घ्या."

सरांचा चेहरा उतरला. माझा पारा चढला. मी बशी आपटली. "पुन्हा भाषणाला?"

नानांनी उरलेला चहा पिऊन टाकला आणि मिशी पुसली.

"भाषणाला काहून? सतरंज्या उचलायला."